मायटो, रायबो आणि योग्य फिल्टर

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वप्नाली सकाळच्या एसटीनं लातूरला गेली. महाशिवरात्रीला आली होती, धड दोन दिवस राहिली नाही. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा मे महिन्यात. मागच्या वर्षी थोडक्यात हुकली, म्हणून यंदा परत लातूरचा क्लास आणि होस्टेल. आली तशी पुस्तकाला कमी आणि माशांच्या टाकीलाच जास्त चिकटून बसली होती.

मासे तिचेच. दोन गोल्डफिश, मायटो आणि रायबो. पेशीत असले काही प्रकार असतात म्हणे, त्यावरून नावं. टाकीचं पाणी दुधाळ झालंय असं तिचं म्हणणं. मला तसं दिसलं नाही, पण चष्मा दुकानात राहिला होता.

म्हणाली, गोल्डफिश लई घाण करतात, फिल्टर लागतोच. आणि अप्पा, तुमच्यानं हे व्हायचं न्हाई, त्यापेक्षा मी मासे औशाला आत्याकडं ठेवते.

हे मला लागलं. वीस वर्षं झाली, उदगीरात ठिबक, पाइप आणि मोटारींचं दुकान चालवतोय. अर्ध्या तालुक्याचं पाणी मी गाळून दिलंय. घरातली एक काचेची पेटी मला झेपणार नाही? तिला शब्द दिला. परीक्षा देऊन येशील तेव्हा दोघं याच टाकीत, स्वच्छ पाण्यात दिसतील. नाही दिसले तर खुशाल औशाला ने.

ती म्हणाली की तिकडं अभ्यासाला बसलं की टाकीच डोळ्यापुढं येते, म्हणून म्हणते. बस लागली म्हणून पिशवी उचलून दिली.

संकल्प: रविवारपर्यंत फिल्टर. या वहीत रोज नोंद.

२ मार्च, रविवार

काल नोंद राहिली. दुकानात गर्दी होती. दोनच गिऱ्हाइकं, पण दोघंही बोलके.

आज अभ्यासाला बसलो. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. फिल्टर पाच प्रकारचे. एक स्पंजचा, हवेच्या पंपावर चालणारा. एक टाकीच्या काठाला लटकणारा. एक आत पाण्यात बुडवून ठेवायचा. एक खड्यांच्या खाली अंथरायचा. एक बाहेर डब्यात, भारीतला. प्रत्येक माणूस आपलाच चांगला म्हणतो आणि खाली लोक त्याला शिव्या घालतात.

सगळे सांगतात की फिल्टरमध्ये जीवाणू वाढू द्यायचे, तेच घाण खातात. मला हे पटत नाही. वीस वर्षांत एकाही शेतकऱ्याला मी जीवाणू विकलेले नाहीत. फिल्टर म्हणजे जाळी. जाळी साफ, तर पाणी साफ.

घाईनं काही घ्यायचं नाही. रविवारची मुदत पुढच्या रविवारवर.

४ मार्च, मंगळवार

एक अडचण. स्वप्नाली गेल्यापासून मंजुश्री रोज सकाळी टाकीतलं बादलीभर पाणी काढते, बेलाच्या कुंडीत घालते, आणि ड्रममधलं बादलीभर टाकीत ओतते. आमच्या गल्लीला नळ आठवड्यातून एकदा, त्यामुळे पाणी फेकायची इथं कुणाची छाती नाही. तांदूळ धुतलेलं कढीपत्त्याला, भांडी विसळलेलं अंगणात, आता माशांचं बेलाला. बेल माझ्या आईच्या, अव्वाच्या, पूजेसाठी लावलाय. दोन वर्षं नुसती काडी उभी आहे.

बायकोची काटकसर मला मान्य. पण रोज पाणी हललं तर मी निरीक्षण कशाचं करू? तिला समजावून सांगितलं की फिल्टरची निवड होईपर्यंत पाण्याला हात लावू नको. ती हाव म्हणाली. मंजुश्रीचं हे बरं आहे. लगेच हो म्हणते, वाद घालत नाही.

९ मार्च, रविवार

लातूरला जाऊन आलो. स्वप्नालीचा पेपर होता क्लासमध्ये, भेट झाली नाही. होस्टेलच्या फाटकावर दशम्या आणि शेंगाचटणी ठेवून आलो.

मग माशांच्या दुकानात. मालक उमाशंकर, भला माणूस, बोलायला लई गोड. स्पंजचा दाखवला, म्हणाला हाच घ्या. लटकणारा उचलला, म्हणाला ह्याला तोड न्हाई. डब्याचा विचारला, म्हणाला मी माझ्या घरी हाच वापरतो. त्याच्या घरी टाकी किती मोठी म्हणून विचारलं तर म्हणाला घरी मासेच न्हाईत, जागा न्हाई.

चर्चा मात्र फार उपयुक्त झाली. फिल्टर आणला नाही. एक प्लास्टिकचा पाणबुड्या आणला, त्याच्या तोंडातून बुडबुडे निघतात. निदान सुरुवात झाली.

१० मार्च, सोमवार

अव्वाला पाणबुड्या आवडला नाही. म्हणाली, त्यो बाप्या सारखा माज्याकडंच बघून राहिलाय. त्याला पाठमोरा केला.

अव्वाचं एक बरं झालं. मासे आणले तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. लिंगायताच्या घरात मासे, लोक काय म्हणतील. आता आल्यागेल्याला स्वतःहून सांगते की आमचे मासे शाकाहारी हायत, उकडलेला वाटाणा खातात.

१३ मार्च, गुरुवार

संगमेश्वर दुकानात येऊन बसला. मोंढ्यात त्याची आडत, पण बसायला माझ्याकडं. त्याला पाचही प्रकार समजावून सांगितले. चहा संपेपर्यंत ऐकलं. मग माझ्या मागच्या फळीकडं बोट दाखवून म्हणाला, मल्लिनाथ, येडा का खुळा तू, गाडीभर फिल्टर ठिवून बसलास अन् लातूरला काय करायला गेल्तास?

मी मागं वळून पाहिलं. ठिबकचे स्क्रीन फिल्टर. ओळीनं.

हे मला सुचणारच होतं. दोन दिवस उशिरा सुचलं असतं, इतकंच.

१५ मार्च, शनिवार

योजना तयार. अर्ध्या एचपीची मोटार, त्यापुढं स्क्रीन फिल्टर, मग परत टाकीत. आमच्याकडं अर्ध्या एचपीहून लहान मोटार शेतकरी हातात धरत नाही. शेततळ्याला चालतं ते काचेच्या पेटीला का चालू नये? उलट जास्तच चांगलं चालेल.

स्वप्नालीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली की आज क्लासच्या पेपरात मार्क कमी पडले, सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते. मी तिला मोटारीचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

१६ मार्च, रविवार. सकाळ.

आज चाचणी. मंजुश्रीनं मासे आधीच टबात काढून ठेवलेत. कारण विचारलं तर म्हणाली, उगं, पाणी बदलायलाच काढले. पाण्याला हात लावायचा नाही हे ठरलं होतं, पण आज मूड चांगला आहे.

त्याच दिवशी, दुपार.

चाचणी तांत्रिकदृष्ट्या यशस्वी. पाणी फिल्टरमधून गेलं, स्वच्छ गेलं आणि जोरात गेलं. टाकीत परत येण्याऐवजी दिवाणखाना ओलांडून अव्वाच्या देवघरात गेलं. अव्वा पूजेला बसली होती. टाकी इतक्या लवकर रिकामी झाली की पाणबुड्या उताणा पडलेला सगळ्यांनी पाहिला.

अव्वा भिजली, पण उठली नाही. पूजा पूर्ण केली. मग म्हणाली, आज महादेवाचा अभिषेक झाला, माझा बी झाला, आता मोटार दुकानात न्हिऊन ठिव. मंजुश्री फडकं पिळून पिळून पाणी बादलीत भरत होती. तेही बेलाला गेलं.

दोष फिल्टरचा नाही. दाबाचा आहे.

२२ मार्च, शनिवार

पाच दिवस वही उघडली नाही. विचार चालू होता. विचार करताना लिहू नये.

संगमेश्वरनं मोटारीची गोष्ट मोंढाभर केली आहे. एक शेतकरी गंभीर चेहऱ्यानं विचारून गेला की माशासाठी थ्री फेज लागतं का.

३० मार्च, रविवार. पाडवा.

साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून निर्णय. लातूरला जाऊन आत बुडवायचा फिल्टर आणला. उमाशंकर म्हणाला की तुमच्या टाकीला ह्याच्याहून लहान पुरेल. मी म्हटलं, मोठाच द्या. लहान फिल्टर विकून मी कधी दुकानाचं नाव घालवलेलं नाही.

गुढी उभारून दुपारी लावला. सुंदर आवाज, लांबून ट्रॅक्टर येतोय असा. पाण्याला असा प्रवाह की मायटो जागच्या जागी पोहतोय, एक इंचही पुढं जात नाही. रायबो कोपऱ्यात पाणबुड्याच्या मागं. व्यायाम होतोय. शहरातली माणसं पैसे देऊन पट्ट्यावर पळतात.

अव्वा म्हणाली, लेकरं दमली रे ती. मी सांगितलं, सवय होईल. मंजुश्रीला सांगितलं की आता बादलीची गरज उरली नाही. ती हाव म्हणाली.

६ एप्रिल, रविवार

निकाल थक्क करणारा. पाणी स्वच्छ. मासे तरतरीत, रोज सकाळी काचेशी येऊन तोंड उघडतात. दुकानातून येऊन पाहतो तर फिल्टर चालू, आणि हात लावला तर गार. दिवसभर चालून गार. माझ्या दुकानातली कुठलीच मोटार असं करत नाही.

अव्वा देवघरातून दिवाणखान्यात बसायला आली आहे, फिल्टरच्या बटणाच्या शेजारीच पाट टाकून. म्हणे इथं वारं येतं. म्हातारपणी आवाजाची सोबत बरी वाटत असेल.

एक अनपेक्षित फायदा. बेलाच्या काडीला पालवी फुटली. दोन वर्षांत पहिल्यांदा. फिल्टरमुळं घरातली हवाही शुद्ध होते का, हे पाहिलं पाहिजे.

१३ एप्रिल, रविवार

स्वप्नालीशी व्हिडिओवर बोलणं. तिला टाकी दाखवली. ती बघत राहिली. वाळलीय पोरगी. डोळ्याखाली काळं आलंय. मला विचारायचं होतं की पेपर कसे जातायत, झोपतेस का, पण मंजुश्रीनं सांगून ठेवलंय की अभ्यासाचं विचारायचं न्हाई, तिला धडकी भरती. मग फिल्टरचं सांगितलं. प्रवाह, जाळी, गार राहणं, सगळं. तिनं दोनदा विचारलं की खरंच गार असतो का. तांत्रिक प्रश्न विचारते म्हणजे मन थाऱ्यावर आहे.

फोन ठेवल्यावर टाकीची काच पुसून काढली. तिला काही झेपायचं राहिलं तरी चालेल, पण ती परत आल्यावर टाकीपुढं उभी राहून हसली पाहिजे.

१७ एप्रिल, गुरुवार

आता लोक सल्ला विचारतात. संगमेश्वरचा साडू टाकी घेणार आहे. त्याला दुकानात बसवून सगळं समजावलं. ठिबकच्या नळ्या मागायला आलेला शेतकरी मध्येच उठून गेला. ज्ञान सगळ्यांसाठी नसतं.

२३ एप्रिल, बुधवार

मंजुश्री माहेरी मुखेडला गेली, चुलतभावाच्या लग्नाला. रविवारी येणार. जाताना अव्वाशी काहीतरी हळू बोलत होती. माझ्याकडं वळून म्हणाली, टाकीला हात लावू नगा. मी हसलो. कुणी कुणाला सांगायचं.

२४ एप्रिल, गुरुवार. सकाळ.

आज नळाचा दिवस. परीक्षा पुढच्या आठवड्याच्या शेवटाला आणि लगेच स्वप्नाली घरी. मोठी सफाई आजच. आपल्याकडं रीतच आहे, नळ आला की शिळं पाणी काढायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. माणसाला ताजं पाणी लागतं तर माशाला का नको? ड्रम उपडा केला, घासला, भरला. मासे तेवढ्यापुरते टबात काढून टाकी पूर्ण रिकामी. फिल्टरचा स्पंज भांड्याच्या साबणानं घासला, पांढराशुभ्र निघाला. टाकी नळाची नळी लावून थेट भरली, मासे सोडले, टबातलं शिळं पाणीही ओतून दिलं. पाण्याला औषधाचा छान वास. नगरपालिकेनं उन्हाळ्यात पावडर सढळ हातानं टाकलीय.

असं स्वच्छ पाणी मायटो-रायबोनं जन्मात पाहिलं नसेल.

त्याच दिवशी.

मासे वर आलेत. तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकतायत. आधी वाटलं आनंदानं. मग रायबो एका अंगावर कलला.

मंजुश्रीला फोन केला. लग्नघरात बँड. तीनदा सांगितलं तेव्हा तिला कळलं. म्हणाली, त्या पाण्यात पावडर असती, ड्रममधल्या जुन्या पाण्यात टाका. मी म्हटलं, ड्रम धुतला. ती म्हणाली, सगळा? मी म्हटलं, सगळा. पुढचं बँडमध्ये ऐकू आलं नाही.

टाकीपुढं बसलो होतो. वीस वर्षांचा धंदा आणि दोन बोटांएवढे मासे माझ्यासमोर मरत होते. स्वप्नालीला काय सांगू? परीक्षेआधी सांगू की नंतर? खोटं बोललो तर तिला कळेल. माझं तिला नेहमी कळतं.

मागून अव्वा आली. म्हणाली, उठ, बेलाजवळ दोन बादल्या हायत, मंजीनं भरून ठिवल्यात. जाताना सांगून गेलीय, मल्लू नळाच्या दिशी काहीतरी करंल.

दोघांना पोळ्यांच्या ताटलीवरून उचलून बादलीत सोडलं. मायटो लगेच खाली गेला. रायबो बराच वेळ तिरका. अव्वा शेजारी पाट टाकून बसली आणि जप करत राहिली. मी तिथून हललो नाही. दुकान उघडलं नाही. उन्हं उतरली तेव्हा रायबोनं शेपूट सरळ केलं आणि बादलीच्या कडेनं एक फेरी मारली. मी रडलो. अव्वा म्हणाली, आता रडून पाणी खारट करू नगंस.

२५ एप्रिल, शुक्रवार

मासे ठीक. बादलीतच आहेत. शांतपणे विचार केला. काल मी वेळेवर फोन केला, घाबरलो नाही, आणि स्थलांतर नीट हाताळलं. नगरपालिकेला पावडरीबद्दल पत्र लिहिलं पाहिजे.

२७ एप्रिल, रविवार

मंजुश्री आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी बादलीत डोकावली. मला लग्नातले लाडू दिले. हे शिव्यांपेक्षा अवघड गेलं.

ताज्या पाण्यावर धूळ पडू नये म्हणून मी टाकी झाकून ठेवली होती. तिनं झाकण काढलं, म्हणाली, राहू द्या उघडं, वास जाऊ द्या. स्वप्नालीचा व्हिडिओ कॉल येताच म्हणाली, आज रेंज न्हाई. रेंज पूर्ण होती. मी मान हलवली.

३० एप्रिल, बुधवार. बसवजयंती.

मासे टाकीत परत. मिरवणुकीला जाऊन आलो. घरी आलो तर फिल्टर चालू, हाताला गार.

४ मे, रविवार

परीक्षा झाली. स्वप्नालीचा फोन, फिजिक्स लांबलं, बायोलॉजी चांगलं गेलं. मी फक्त म्हटलं, मासे वाट बघतायत. ती म्हणाली, मला माहीत हाय.

५ मे, सोमवार. दुपार.

आली. चप्पल न काढता टाकीपुढं. पाणी लख्ख. मायटो वाढलाय, रायबो तर गुबगुबीत. दोघं काचेशी आले. ती हसली. मी हेच बघायला इतके दिवस थांबलो होतो. डोळे भरून बघून घेतलं.

मग मी दुकानात गेलो, आणि चष्मा विसरला म्हणून लगेच परत फिरलो. स्कूटर दुरुस्तीला टाकलीय, त्यामुळे पायी. दारात आलो तर घर शांत. ट्रॅक्टर नाही. फिल्टर बंद. अव्वा बटणाशेजारी पाटावर जप करत होती. मला बघून तिचा हात पटकन बटणाकडं गेला. मग तिनं हात परत घेतला आणि माळ ओढायला लागली.

मी विचारल्यावर सगळं बाहेर आलं. पाडव्यापासून असंच चाललंय. मी गेलो की अव्वा बटण बंद करते, स्कूटरचा आवाज आला की चालू. कारण सरळ आहे, जप होत न्हाई अन् लेकरं दमतात. मंजुश्रीची बादली एक दिवसही चुकलेली नाही. ड्रममध्ये आठवडाभर राहिलं की पावडर उडून जाते, आणि माशांची घाण बेलाला खत होते, असं स्वप्नालीनं समजावलं. मंजुश्री म्हणाली, मला कुठलं माहीत हे सगळं, मी तर पाणी वाया जाऊ नये म्हणून घालत होते.

मी स्वप्नालीला विचारलं, तुला हे कधी कळलं? ती म्हणाली, मम्मी रोज व्हिडिओ पाठवायची. मोटारीचा बी पाठवलेला. बादलीतल्या माशांचा तेवढा परीक्षेनंतर, काल.

मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? ती टाकीकडं बघत म्हणाली, होस्टेलात सगळ्या पोरींचे पप्पा मार्कच विचारायचे. तुम्ही फक्त फिल्टरचं सांगायचात. शेजारच्या खोलीतल्या पोरी बी स्पीकरवर ऐकायला यायच्या.

चष्मा घेतला आणि दुकानात आलो. आज गिऱ्हाईक नाही.

७ मे, बुधवार

ठरल्याप्रमाणे फिल्टर सकाळच्या एसटीनं औशाला गेला. आत्याची टाकी मोठी, तिला शोभेल. मासे इथंच.

रात्री जेवताना स्वप्नालीनं फर्मान काढलं. निकाल लागेपर्यंत बादली अप्पांनी उचलायची. मंजुश्रीचे खांदे दुखतात. मी लगेच कबूल झालो. पण करायचं तर पद्धतशीर. घरातली बादली प्लास्टिकची, कडी गंजलेली, तळ उथळ. बाजारात बादल्यांचे बारा प्रकार आहेत. कडीवाली, मुठीवाली, खुणा केलेली. घाईनं ठरवण्यात अर्थ नाही.

मंजुश्रीला म्हटलं, योग्य बादली निवडेपर्यंत दोन दिवस थांब.

ती हाव म्हणाली.